चित्रात पप्पा, फोटोत काका

चाकणला कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या आमच्या पप्पांचं एका चित्रकाराने चित्र काढलं आणि ते चिंचवडच्या प्रदर्शनात लागलं. गावाकडच्या काकाचा विश्वास बसेना. "दादा, तुझं चित्र कोण काढंल?" पप्पांच्या ते जिव्हारी लागलं. चित्राशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि काकाला पाठवायचा, एवढ्यासाठी त्यांनी साप्ताहिक सुट्टीला इस्त्रीचा शर्ट घातला.

आत शिरताना त्यांनी सवयीने गार्डपुढे फोन धरला. कंपनीच्या गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात ना.

"इथं स्टिकर नाही काका," गार्ड म्हणाला. "पण फोटो नाही, शूटिंग नाही, चित्राला हात लावायचा नाही. बोर्ड वाचा."

मी पेटलेच. युनियनची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले आहे. "चेहरा कष्टकऱ्याचा आणि मालकी भिंतीची? ज्याचं चित्र त्यालाच फोटोची बंदी? आम्ही हे खपवून घेणार नाही!"

'आम्ही' म्हणजे मी एकटीच. पप्पा केव्हाच गार्डशेजारी जाऊन उभे राहिले होते.

"गप गं. नियम म्हणजे नियम. त्याची नोकरी जाईल."

"पप्पा, मी तुमच्यासाठी भांडतेय!"

"मग जरा हळू भांड."

गार्डने विचारलं, "काका, ही घरी पण अशीच का?"

"घरी भिंती पातळ आहेत. तिथं जरा कमी."

तो नियम चूक आहे, हे माझं मत आजही कायम आहे. पण पप्पा चित्राकडे एकदा बघून परत फिरले, तेव्हा मी घोषणा सोडून त्यांच्या मागे निघाले.

तेवढ्यात काकाचाच व्हिडिओ कॉल आला. फोटो कुठंय, म्हणून. पप्पांनी तो उचलला आणि घाबरून गार्डकडे पाहिलं. गार्डने बोर्ड पुन्हा, सावकाश वाचला.

"फोनवर बोलू नये असं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. मग मला, "ताई, तुम्ही धरा की मोबाईल. काका चित्राशेजारी उभे दिसू द्या."

"हे तू हैस व्हय?" काका ओरडला. "नाक तर लई सरळ काढलंय! हात लावून बघ, रंग वाळला का."

"हात नाही!" पप्पा आणि गार्ड एकदमच ओरडले.

काकाने तिकडून स्क्रीनशॉट मारला. घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा त्यात पप्पा अर्धे, चित्र अर्धं आणि कोपऱ्यात काकाचं तोंड मात्र अख्खं. पप्पांनी तोच डीपी ठेवला.

"काकाला कापून देते," मी म्हटलं.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "साक्षीदार आहे तो."