बंद फोनवरचं बुकिंग

मी हॉटेल लाइनमधली बाई आहे. ‘अमक्या खोलीत कुणीतरी दिसतं’ ही गोष्ट प्रत्येक हॉटेलात असते, आणि पुण्यात फ्रंट ऑफिसला असताना अशी तक्रार करणाऱ्या गेस्टना मी गोड हसून खोली बदलून दिलेली आहे. शोधलं की बहुतेकदा एसी निघायचा, नाहीतर एखादी नीट न लागणारी खिडकी. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव मी चहासोबत वाचायची आणि सोडून द्यायची. आज स्वतःच लिहितेय... हसायचं तर हसा.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात जुनं, तमिळमध्ये बुडवून काढलेलं मराठी बोलतो. देवनागरी मी पुण्यात नोकरी करताना शिकले. अप्पा गेले, अम्मा एकटी पडली, म्हणून परत आले आणि इथल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायला लागले. शिकवणं वाईट नाही. पण काउंटरची आठवण येते — फार येते. बॅग ओढत, चिडलेला माणूस समोर येतो, तुम्ही त्याला नावाने ‘या’ म्हणता आणि त्याचा चेहरा सैल पडतो. ते वर्गात मिळत नाही.

आणि ज्यांना शिकवावं ती पोरं तरी कुठे टिकतात? ट्रेनिंगला जाऊन आली की अर्धी गार पडतात. कुणी इन्शुरन्समध्ये, कुणी मोबाइलच्या शोरूममध्ये. दिवाळी-पोंगलला ड्युटी, दिवसभर उभं राहणं, वर नातेवाईक विचारणार, “हॉटेलात म्हणजे एच्चिल, उष्टी पानं उचलायची का?” मी तरी कुठल्या तोंडाने थांबवू?

वसंती मात्र थांबेल असं वाटायचं. इथून जवळच्या पापनाशमची, आमच्यातलीच. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना लाजते, माझ्याशीही तमिळच बोलायची. कुंभकोणमच्या एका चांगल्या हॉटेलने तिला रिसेप्शनला घेतलं होतं. हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. घरच्यांनी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला तिचं नाव घातलेलं. त्या दुपारी ती मला ‘नाही’ सांगायलाच आली होती. ते मला माहीत होतं, म्हणून मी स्टाफरूममध्ये उगाच पेपर चाळत वेळ काढला.

आमच्याकडे प्रॅक्टिकलसाठी एक खोटं रिसेप्शन आहे. लाकडी काउंटर, किल्ल्यांचा बोर्ड, घंटी आणि एक जुना फोन. हा फोन कुठेच जोडलेला नाही. त्याची वायर काउंटरच्या मागे नुसती लोंबते. पोरं त्यावर रोल-प्ले करतात. वसंती तिथेच माझी वाट पाहत थांबली होती.

मी कॉरिडॉरमधून येत होते तेव्हा रिंग ऐकली. जुनी, ट्रिंग-ट्रिंग. वाटलं, कुणाच्या तरी मोबाइलचा रिंगटोन. दारात पोचले तर वसंती फोन उचलून उभी.

“गुड आफ्टरनून, फ्रंट ऑफिस, वसंती बोलतेय.” हे इंग्रजीत. मग थोडं ऐकून ती चक्क मराठीत बोलायला लागली, आधी इतकं हळू, लाजत, की शब्द कळेनात.

मी दारातच थांबले. म्हटलं, पोरगी निरोप घेतेय काउंटरचा, घेऊ दे. कान मात्र मास्तरणीचे — बुकिंग घेतल्यावर सगळं परत म्हणून दाखवते का, तेच ऐकत होते. तिने दाखवलं.

“परत सांगतें सर. एक खोली, खालीच. पायऱ्या चढायास नकोत, गुडघे दुखतात कीं. वेस्टर्न टॉयलेट. उशी... उशी देऊं नये, तुमची तुम्ही आणतां. हो सर. कन्फर्म. मी आहे कीं काउंटरला. या तुम्ही.”

उशी म्हटल्यावर मी दाराची चौकट धरली.

माझे अप्पा कुठेही जाताना आपली उशी नेत. मदुरैच्या लग्नालासुद्धा, चौकड्याच्या टॉवेलात बांधून. अम्मा लाजून लांबच्या सीटवर बसायची. माझ्या पुण्याच्या हॉटेलात येऊन राहायचं त्यांच्या फार मनात होतं. “तूं काउंटरला उभी रहा, मी गेस्ट होऊन येतों,” म्हणायचे. मग गुडघे गेले, मग ते गेले.

वसंतीने फोन ठेवला आणि मला पाहिलं.

“मॅम, सुभी कोण?” तिने अजून मराठीतच विचारलं.

माझं नाव सुभद्रा. कॉलेजात मॅम, अम्माला सुभद्रा. सुभी फक्त अप्पांना.

“कां गं?”

“आधी तेच विचारलें त्यांनी. आमची सुभी आहे का तेथे? मी म्हटलें, येथे सुभी कोणी नाहीं सर, मी मदत करूं का? मग म्हणाले, असूं दे अम्मा, तूंच दे खोली.” आमच्याकडे लेकीच्या वयाच्या पोरीलाही अम्मा म्हणतात.

मी काउंटरच्या मागे गेले आणि ती वायर उचलून तिला दाखवली. दोघी तिथेच जमिनीवर बसलो.

नंतर इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्या भिंतीत टेलिफोनची लाइनच नाही, तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जपून पाहिलं. अप्पांच्या उशीबद्दल मी वर्गात कधी बोलले नाही. अम्मा कॉलेजात कधी आली नाही. वसंतीने थट्टा केली म्हणाल, तर रिंग मीही ऐकलीय.

त्या संध्याकाळी तिने हॉटेलला हो कळवलं. मीच उलट म्हटलं, “अगो, बंद फोन तो. त्यावरून आयुष्य ठरवतीस?”

“कन्फर्म केलें ना मॅम,” ती म्हणाली. “घेतलेलं बुकिंग मोडायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. ते येतील तेव्हा कोणी तरी पाहिजे ना?”

अजून आहे ती तिथे. पाय सुजतात, दिवाळी चुकते, आई बोलते. रोज सोडीन म्हणते आणि रोज जाते. तळमजल्याची एक खोली तिला शेवटपर्यंत द्यावीशी वाटत नाही. अप्पा आलेले नाहीत.

हे काय होतं ते मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा, पण मी ते कसं झालं म्हणून झुरत नाही. अप्पांनी मला मागितलं आणि त्यांना सांगितलं गेलं की अशी कुणी इथे नाही. तिने त्यांचा आवाज ऐकला. मी नाही.

अप्पा, मी दारातच होते.