उन्हात राहिलेली काच

चाचांना उघडी राहिलेली कुठलीही वस्तू सहन होत नसे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी माठावरचं झाकण सरळ करत, दौतीचं बूच लावत, बोलता बोलता समोरच्याच्या छत्रीचा पट्टा बांधून टाकत. दवाखान्यात सगळे त्यांना झाकणचाचा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते ओ देतही. त्यांच्या पुष्कळ गमती मी आजवर चार लोकांत सांगितल्या आहेत. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. ती इथे लिहितो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाचा हा काळ. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. अमरावतीला राजापेठेच्या पुढे छातीच्या रोगाचा एक धर्मादाय दवाखाना होता. आज तो नाही. आमचे डॉक्टरसाहेब विलायतेहून एक नवी तऱ्हा शिकून आले होते. रोग्याचा बेडका काचेवर पसरायचा, त्याला एक पिवळा रंग चढवायचा, आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याचा प्रखर उजेड मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून गाळून त्या काचेवर सोडायचा. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की क्षयाचे जंतू काळ्याभोर अंधारात सोन्याच्या बारीक काड्यांसारखे चमकत. पण ज्या उजेडाने ते चमकत, त्याच उजेडाने ते विझतही. दिवा फार वेळ राहिला की चमक उतरत जाई आणि शेवटी काहीच दिसत नसे. जंतू तिथेच असत, फक्त दिसत नसत.

चाचा मूळचे अकोल्याचे. तिथल्या एका फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत त्यांची वीस वर्षं गेली होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आणलं. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण उजेडाशी कसं वागायचं हे त्यांना कुणाला शिकवावं लागलं नाही. दिव्यापुढे त्यांनी डब्याच्या पत्र्याचं झाकण बसवून घेतलं होतं. एक हात कायम त्यावर. झाकण उचलायचं, तोंडातल्या तोंडात मोजायचं, पंधरा झाले की खाली. काच जराशी सरकवायची, पुन्हा उचलायचं. मी त्यांच्या हाताखाली होतो. भटाघरचा, म्हणून मला ते पंडत म्हणत. "उपाशी माणसापुढं ताट ठेवल्यावानी हाय हे, पंडत," ते सांगत. "उजेडापुढं ठेवलं का तो खातेच. आपण पाहून घ्याचं आन् उचलून घ्याचं."

रंगवलेल्या काचा काळ्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, आणि न तपासलेली काच पाहुण्याला दाखवायची नाही, हे त्यांचे नियम. तिसरा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "ऊन लागलं, दिवा जास्त झाला, तं सांगजो. मी पुन्हा रंग चढवून देतो. लाज कायची त्यात?" ते स्वतः सांगत. आज माझ्या हातून एक खाल्ली गेली, असं डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सांगत आणि परत येऊन निमूटपणे ती काच रंगवायला घेत. ज्या काचेत जंतू सापडत नसत ती दोघांनी पाहायची, आणि दोघांनी सही करायची, अशी पद्धत होती.

माझ्या घरी ते चहाला येत. त्यांचा कप वेगळा होता, मागच्या पडवीत खुंटीला टांगलेला. ते तो स्वतः काढत, स्वतः विसळून पालथा घालत. मी कधी काही बोललो नाही. बोलायच्या ठिकाणी गप्प राहायची सवय मला तेव्हापासूनच होती.

माझे सासरे अकोल्याचे वकील. पंगतीत ते हटकून म्हणत की आमचे जावईबापू लोकांची थुंकी पाहतात. सगळे हसत, बायको पानाकडे पाहत राही. एकदा ते कोर्टाच्या कामाने दोन वकीलमित्रांसह अमरावतीला आले, तेव्हा मी हट्टाने त्यांना दवाखान्यात नेलं. शुक्रवारची दुपार होती. चाचा नमाजाला गेले होते. पाहुण्यांसाठी एक जुनी काच बाजूला ठेवलेली असे, पण दाखवून दाखवून तिची चमक गेली होती. मी सकाळच्या न तपासलेल्या दोन काचा काळ्या कागदातून काढल्या.

पहिली काच लावली. सासऱ्यांनी बराच वेळ डोळा लावला. "जावईबापू, अंधारच दिसून राहिला इथं," ते म्हणाले. मित्र हसले. मी काच इकडून तिकडे सरकवत राहिलो. झाकण उघडंच होतं, मोजायचं भान कुणाला होतं? शेवटी ती काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दुसरी लावली. दुसरीत जंतू गच्च होते. सासरे डोळा न काढताच म्हणाले, "दिवाळी हाय हो आत." त्या वाक्याने मला किती बरं वाटलं, ते आजही आठवतं. त्याच बरं वाटण्यात मी त्यांना चहाला घेऊन गेलो. पाहुण्यांना निघताना वाट दिसावी म्हणून खिडकीचा पडदा मी सरकवला होता, तो तसाच राहिला.

तासाभराने परतलो तेव्हा पहिली काच उन्हात होती. मी ती तपासली. काही दिसलं नाही. जंतू नाहीत, असं वहीत लिहिलं आणि सही केली. ती काच नांदगाव खंडेश्वरच्या शाळेतल्या एका मास्तरीणबाईंची होती. पाच महिन्यांचं पोर कडेवर घेऊन त्या आल्या होत्या.

चाचा आले आणि दुसऱ्यांदा पाहायला बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग मान वर करून विचारलं, "याले ऊन लागलं का, पंडत?"

मी नाही म्हणालो.

"दिवा?"

"पंधराच मोजले, चाचा."

त्यांनी सही केली. ते रागावले नसते, हे मला माहीत होतं. अर्ध्या तासात त्यांनी रंग पुन्हा चढवला असता. पण ऊन कसं लागलं हे सांगताना सासऱ्यांपुढे केलेला तमाशाही सांगावा लागला असता. एवढ्यासाठीच. आणि त्या काचेत मुळात काही नसेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाईंना छाती साफ आहे, अशक्तपणा आहे, असं सांगून घरी पाठवलं. चार महिन्यांनी त्यांना परत आणलं तेव्हा तोंडातून रक्त येत होतं. नवव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टरांनी जुनी वही काढून आम्हा दोघांना बोलावलं. काचांची टंचाई होती, आम्ही त्या धुऊन पुन्हा वापरायचो, त्यामुळे पाहायला ती काच उरली नव्हती. उरल्या होत्या दोन सह्या.

"शेवटी मीच पाह्यली, साहेब," चाचा म्हणाले. "पंडतनं काच नीट ठेवली होती. मंग मले दिसाले पाह्यजे होतं. माह्ये डोळे गेले."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण महिनाअखेर ते नोकरी सोडून गेलेच. त्यांची खुर्ची मला मिळाली. बडनेरा स्टेशनावर मी त्यांची ट्रंक अकोल्याच्या गाडीत चढवली. खिडकीतून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांची काळजी घे म्हणाले.

त्याच हिवाळ्यात बाईंचं पोरही त्याच रोगाने गेलं. त्यांच्या भावाचं कार्ड दवाखान्यात आलं. ते मीच वाचलं आणि कुणाला दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी अकोल्याला एका मुंजीला गेलो, ते चाचांना सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांच्या पुतण्याचं शिवणकामाचं दुकान होतं. चाचा पायरीवर बसून सुया ओवत होते. दिवेलागणीची वेळ, आणि दोरा एका झटक्यात नेढ्यातून जात होता. डोळे तर चांगले आहेत तुमचे, मी म्हणालो. ते हसले. "सुईचं नेढं दिसते रे. ते बारीक सोनं दिसत नाई. ते गेलं." आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "त्या बाईचं पोरगं कसं हाय?"

बरं आहे, मी म्हणालो. मामाकडे आहे. चालायला लागलंय.

चाचांनी पुतण्याला हाक मारून चहा सांगायला लावला आणि त्याच्यासमोर मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं.

त्यानंतर दर ईदला पुतण्याच्या हातचं कार्ड येई आणि शेवटी पोराची चौकशी असे. मी उत्तर लिहीत गेलो. पत्रांत मी त्या पोराला गोवर आणला आणि बरा केला, शाळेत घातलं, पाढे पाठ करून घेतले. उंची किती झाली असं विचारलं तेव्हा माझ्या धाकट्या मुलाची कळवली. महिन्याभराने कुणाबरोबर तरी शिवलेला सदरा आला. तो माझ्या धाकट्याने फाटेपर्यंत वापरला.

आपल्या डोळ्यांत काही दोष नव्हता, हे चाचांना कधीच कळलं नाही. ते वारले तेव्हा त्यांच्या लेखी ते पोर दहा वर्षांचं होतं, आणि चौथीत पहिलं आलं होतं.