खडूचं दार

परीक्षक यायला अर्धा तास उरला होता. माझी विद्यार्थिनी गौरी पडद्यावर तिने आखलेला वृद्धाश्रम फिरवून दाखवत होती. ऊन, झाडं, चकचकीत फरशी. बाथरूममध्ये मात्र आम्ही सरळ भिंतीतून शिरलो. संगणकात दार उघडावं लागत नाही. तिथे कुणी घसरून पडतही नाही.

मी तिला खडू दिला. "हीच बाथरूम इथे जमिनीवर काढ. खऱ्या मापाची."

तिने काढली. मी त्या चौकोनात आडवा झालो. "मी पडलोय. आता दार उघडून आत ये."

मॉडेलसाठी आणलेला पुठ्ठा दारासारखा धरून तिने आत ढकलला. तो माझ्या बरगडीला टेकला. तिने पुन्हा ढकलला नाही.

"सर, आत येताच येत नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली.

पडद्यावरचं दार बाहेर उघडणारं करायला क्षण पुरतो. ती त्यासाठीच धावली. मी मात्र गार फरशीवर तसाच पडून राहिलो. आमच्या घराचा नकाशा मीच काढला होता, हाताने, महिनाभर खपून. आई घरी एकटीच होती, आणि तिच्या बाथरूमचं दार आत उघडतं.