बर्नीचा शिट्टीवाला

बर्निस मातुसेक आमच्या मंडळात आली ती भांडतच.

वेलर्स बेंडच्या बंबखान्यात दर शुक्रवारी वरच्या हॉलात मासे तळतात, आणि महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी खाली तळघरात आम्ही बसतो. त्या दिवशी जिन्यावर दणादणा पावलं वाजली. आम्हाला वाटलं, आमच्या विजेवरच्या कॉफीच्या पातेल्यानं परत वरची वीज घालवली. दारात सत्तरीची एक आडवीतिडवी बाई. कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले.

"त्यो आसा बोलत न्हाई," ती म्हणाली.

"कोण?" लॉयडनं विचारलं.

"शिट्टीवाला. कवाधरनं ऐकतीया मी वरनं. पाद्र्यागत काय बोलतोस त्येचं? त्यो काचंच्या भट्टीवरचा गडी हाय. दे हिकडं."

आणि लॉयडच्या हातातला अंक तिनं ओढून घेतला. लॉयड केसलर म्हणजे आमचा म्होरक्या. शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला, अंकाला हात लावायच्या आधी हात धुऊन पुसणारा माणूस. त्या पिठाच्या हाताकडं बघून त्याचा जीव अर्धा झाला. पण बाईनं शिट्टीवाल्याच्या चार ओळी वाचल्या, आणि ज्याला आम्ही इतकी वर्षं नुसता बघत होतो, तो आज पहिल्यांदा बोलला.

ते चित्रकथांचं मासिक म्हणजे 'पहाटेचे पाच'. साठ वर्षांपूर्वी निघायचं, बारा सेंटला. ऐरण, भरती, मृगजळ, चिमणी आणि शिट्टीवाला अशी पाच माणसं, प्रत्येकाच्या अंगात एकेक अचाट गुण, आणि जगावर संकट आलं की तोंडं धुवायच्या आत ही धावत सुटायची. पुढं त्यांचं मोठं साम्राज्य झालं, सिनेमे निघाले, पोरांच्या डब्यांवर त्यांची तोंडं आली. आम्हाला त्याचं काही नाही. आम्ही सुरुवातीच्या अंकांची माणसं. कागद पिवळा, रंग रेघेच्या बाहेर सांडलेला, चित्रकार घाईत. तिसऱ्या अंकात ऐरणच्या एका हाताला सहा बोटं आहेत. त्यावर आम्ही दोन बैठका वाद घातला होता. बर्नीनं एका दमात मिटवला: "मुठीत कुणाचं तरी बोट धरलंय त्यानं. त्यात काय एवढं?"

मंडळाची रीत अशी, की जो महिना चालू असेल त्याच महिन्याचा जुना अंक वाचायचा, आणि प्रत्येकानं एकेकाचं बोलणं मोठ्यानं म्हणायचं. लॉयड ऐरणचं म्हणायचा आणि चौकटीवरचा मजकूर वाचायचा. मार्लन टिब्स, जन्मभर टपाल वाटलेला, भरती आणि सगळे दुष्ट. दाताच्या दवाखान्यातली नोरीन मृगजळ. माझ्या वाट्याला चिमणी, कारण माझा आवाज चिरका. आणि सगळ्यांत मोठा नियम: पुढचं बोलायचं नाही. मार्चमध्ये बसलो की साठ वर्षांपूर्वीचा मार्च धरायचा. एप्रिलचा अंक अजून गाडीतून उतरलेला नाही, त्यात काय आहे कुणाला ठाऊक नाही. जो बोलेल त्यानं कॉफीचं पातेलं घासायचं. मार्लनला ते पातेलं आता आतून-बाहेरून पाठ आहे.

नियम पोरकट वाटतो, पण त्यात गुंगी आहे. तळघराला छताशी चार बारक्या खिडक्या. ओहायो नदीचं धुकं दुपारपर्यंत त्यांना चिकटून बसतं. वरून तळणाचा वास, मांडीवर जुन्या कागदाचा वास. अर्ध्या तासात हे साल अंगावरून सदरा उतरावा तसं उतरतं. मग मार्लन विचारतो, "पुढच्या महिन्यात काय होईल रं?" आणि पिकल्या केसांची माणसं, ज्यांनी ते अंक शंभरदा वाचलेत, माना हलवून अंदाज करायला लागतात.

त्यात बर्नीचे अंदाज सगळ्यांत झकास. "शिट्टीवाल्याचं न् मृगजळचं लगीन लागतंय बघा. आडतीस-चाळीसाव्या अंकापातुर. पोरगं बी हुईल." इतकी खरी वाटायची बोलताना, की मार्लन म्हणायचा, "ही बाई बस कशाला चालवत बसली? नाटकात जायला हवी होती."

बर्नीनं शाळेची बस चालवली, पोरं आणि पोरांची पोरं शाळेला जाईपर्यंत. जन्म टेकडीवरच्या वस्तीतला, बाप काचेच्या कारखान्यात भट्टीपुढं. काचेच्या गावातल्या पोरीला काच फोडणारा गडी आवडावा यात नवल कसलं? शिट्टीवाला म्हणजे भट्टीच्या स्फोटात कान गेलेला कामगार. त्याला स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही, पण ती वाजली की काचा फुटतात, आगगाड्या थांबतात. बापाची तंबाखू आणायला औषधांसकट सगळं विकणाऱ्या दुकानात गेलं, की तिथल्या फिरत्या स्टँडवर अंक असायचे. अंक पोटाशी धरून ती रेल्वेच्या पुलाखाली जायची आणि वरून कोळशाच्या गाड्या जात असताना वाचायची. पुढं लग्न झालं. नवरा एडमंड टायरच्या दुकानात होता. तो जाऊन पुष्कळ दिवस झाले. त्याचं नाव ती शिट्टीवाल्यापेक्षा कमी घेते. त्यालाही त्याची कधी तक्रार नसावी.

एकदा ती म्हणाली, "भल्या पहाटं नदीकाठच्या रस्त्यानं बस काढायची. म्होरं धुकं. दिवा टाकला तर धुकंच उजळायचं. तवा मला वाटायचं, ही पाच जणं हितंच कुठंतरी चालली असतील. आपल्या म्होरं. मी आपली हळू चालवायची, उगी धक्का नको लागाया."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

मग एप्रिल आला, तेरावा अंक. पाचही जण धरणाखालच्या बोगद्यात अडकतात, भिंतीला तडा जातो आणि अंक संपतो. बर्नीनं शेवटची ओळ वाचली, अंक मिटला, आणि मळलेली पाटी पुसावी तसा त्यावर तळहात फिरवला.

"हितनं म्होरं मी कवा गेलेली न्हाई," ती म्हणाली.

मार्लननं टाळी वाजवली. "वा! काय पण सोंग!"

"सोंग कशाचं रं मेल्या? ह्यो माझा शेवटचा. ह्येच्या मागनं दुकानवाल्यानं स्टँड काढला न् तिथं सिगारेटीचं मशीन बसवलं."

नोरीननं हळूच विचारलं, "मग बर्नी, नंतर कधी शोधलं नाहीस? सिनेमा तरी?"

"सिनेमात ती दुसरीच माणसं होती. आन् शोधायचं काय? गाव सोडून गेलेल्याची कोण चौकशी करतंय? चाललं आसंल त्येंचं बरं." ती उठली. "म्होरल्या महिन्यात कळंल, बोगद्यातनं कसा निघतो त्यो." आणि मासे उलटायला वर गेली.

आम्ही तसेच बसलो. कारण शिट्टीवाला बोगद्यातून निघत नाही. चौदाव्या अंकात तो मरतो. चित्रकाराचं मालकाशी बिनसलं, नवा आला त्याला तो काढायला जमेना, म्हणून मारून टाकला. पुढच्या साठ वर्षांत बाकीचे चौघं चार-चारदा मेले आणि बाजारला जाऊन आल्यागत परत आले. हा एकटा गेला तो गेलाच. आणि त्याचं मरण बर्नीलाच, तिच्याच तोंडानं, मोठ्यानं वाचायचं होतं. इतके दिवस तळघरात आम्ही सगळे न कळल्याचं सोंग करत होतो. एकटी तिला खरंच माहीत नव्हतं.

बाहेर गाड्यांपाशी वाद पेटला.

"सांगून टाकू," मार्लन म्हणाला. "म्हातारीला मधेच झटका बसायला नको."

"नियम आहे," लॉयड म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

"म्हणू की उंदरांनी खाल्ला चौदावा," नोरीन म्हणाली. "सरळ पंधरावा घेऊ."

"माझ्या कपाटात उंदीर?" लॉयड तिथं खरोखर दुखावला.

शेवटी नोरीननं तिच्या घरी जाऊन गोडीत सांगावं असं ठरलं. नोरीन गेली आणि कोबी-शेवयांनी भरलेलं भांडं घेऊन परत आली.

"मग? सांगितलंस?"

"कसं सांगू? दारातच म्हणाली, बोगद्यातनं सुटायची वाट तिला सुचलीय. जेवेपर्यंत तेच सांगत होती. फार चांगली वाट आहे रे. त्यांना का नाही सुचली कुणास ठाऊक."

मे महिन्याचा शुक्रवार उजाडला. बर्नी आधीच येऊन बसलेली, एप्रन काढून, केस विंचरून. मार्लननं शेवटची खटपट करून पाहिली. "बर्नी, घसा बसल्यासारखा वाटतोय तुझा. आज तुझं मी वाचतो."

"तुझा बसवीन. सरक."

वाचायला सुरुवात झाली. पाणी चढत गेलं. धरणावरून शाळेच्या सहलीची गाडी यायची आहे, आणि शिट्टीवाल्याच्या शिट्टीनं तेवढी ती भिंत धरून ठेवलेली. तो थांबला तर भिंत जाते. चौघं त्याला ओढतात. त्यावर त्याची ओळ होती, आणि बर्नीनं ती अशी वाचली, की जणू बसमधल्या पोरांना खाली उतरवतीय:

"तुम्ही व्हा पुढं. मी आलोच."

मग एक पानभर नुसती शिट्टी. अक्षरांची लांबच लांब ओळ एका चौकटीतून दुसरीत जाते, बारीक होत होत, आणि शेवटची चौकट रिकामी, निळी. बर्नीनं सगळी अक्षरं म्हटली, दम पुरेल तोवर, हळू हळू करत. वरची तळणाची चरचरही त्या वेळी बंद होती, की आम्हालाच ऐकू येत नव्हती, सांगता येत नाही. खिडक्यांतून धुकं आत आल्यासारखं वाटत होतं. निळ्या चौकटीपाशी ती थांबली.

खालचा मजकूर लॉयडचा. तो ओळीखाली बोट ठेवून बसला होता.

"वाच की," बर्नी म्हणाली.

"आणि मग नदी शांत झाली," लॉयडनं वाचलं.

पुढचं पान थडग्याचं. चौघं माना खाली घालून उभे. बर्नीला त्यात काही बोलायचं नव्हतं. आम्ही आपापलं कसंबसं म्हटलं. नोरीनचं नाक वाहत होतं. बर्नीनं अंक मिटला नाही. पान मागं उलटलं, पुढं उलटलं, डोळ्यांजवळ धरलं.

"मढं कुठाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"मढं. ही चौघं सुतकी तोंडं करून उभी हायती. पर खड्ड्यात काय हाय? निस्ती बुटं दिसत्यात मला."

मार्लननं तोंड उघडलं. "बर्नी, तसं नाही ते, साठ वर्षं झाली, त्यानंतर कधीच—"

"मार्लन," लॉयड म्हणाला, "पातेलं."

मार्लननं पातेल्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

बर्नी लॉयडकडं वळली. "मास्तर, तू सांग. तुझ्याकडं समदे अंक हायती. परत येतो का त्यो?"

लॉयड खोटं बोलणारा माणूस नाही. पोराला अर्धा गुण कमी असला तर तो मेलेल्या आजीच्या शपथेवरही वाढवून देत नसे. त्यानं चष्मा काढला. डोळे चोळले.

"हा मे महिना आहे, बर्नी," तो म्हणाला. "जूनचा अंक अजून आलेला नाही. मला कसं माहीत असणार?"

आरशात बघून मागच्या बाकावरलं कुठलं पोर थापा मारतंय ते ओळखणारी बाई. तिनं लॉयडकडं बराच वेळ बघितलं. लॉयडचे कान लाल झाले.

"बरं," ती म्हणाली. "मग मला बी ठावं न्हाई." आणि उठून वर गेली.

जूनमध्ये ती येणार नाही अशी आम्ही खूणगाठ बांधली होती. मार्लन तर मला म्हणाला, आपणच तिचा माणूस मारला, ती कशाला तोंड बघेल आपलं. पण ती आली, आणि आपल्याच खुर्चीवर बसली. पंधराव्या अंकात शिट्टीवाल्याच्या जागी ठिणगी नावाची एक नवी पोरगी येते. लॉयडनं अंक पुढं सरकवला. "हिचं वाचशील?"

"मला शिट्टीवाल्याचं काम हाय. त्येला यायला उशीर झालाय एवढंच."

मग ठिणगीचं मार्लननं वाचलं, बारीक आवाज काढून, आणि ते इतकं भयंकर होतं की ठिणगीनं तिथल्या तिथं राजीनामा दिला असता. बर्नी मुकाट्यानं पानावर बोट फिरवत होती. पण बोट बोलणाऱ्यांवरून जात नव्हतं. ते चौकटीच्या कडेकडेनं जात होतं, गर्दीतून, खिडक्यांतून, जिथं घाईतल्या चित्रकारानं माणसं नुसती टिंबं देऊन उरकलेली असतात तिथून.

"थांबा," ती म्हणाली. "ह्यो फलाटावर पाठमोरा कोण हाय?"

"हमाल असेल," लॉयड म्हणाला. तो अंक त्यानं आयुष्यात किती वेळा वाचला असेल त्याला गणती नाही.

मार्लन वाकला. "हमालाच्या हातात सामान कुठंय पण?"

"आणि शेजारच्या दिव्याची काच बघा," नोरीन म्हणाली. "तडा गेलाय का तिला? की छपाईच खराब?"

आम्ही चौघंही डोकी एकमेकांना लागेपर्यंत त्या पानावर वाकलो. तो माणूस तिथं होता. साठ वर्षं तिथंच होता, कुणाकडंही न बघता, वाफेत अर्धा बुडालेला. वरून कुणीतरी बर्नीला हाका मारत होतं, मासे करपत होते. कुणी हललं नाही.

लॉयडनं चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला, आणि तो अंक पहिल्या पानापासून पुन्हा उलटायला लागला.