दोन बॅगांत अर्धे अर्धे

थायलंडच्या सहलीला तीन आठवडे उरले असताना आमचे हे गेले. त्या वर्षांत आमची निम्मी सिल्व्हर पार्क सोसायटी थायलंड बघून आली होती. भेटायला येणारे आधी गप्प बसत. मग कुणाला तरी आमच्या तिकिटांची आठवण होई आणि सगळ्यांना कंठ फुटे. देवळात खांदे झाकून जा, बुटांना नाडी नको, टुकटुकमध्ये बसण्याआधी भाडं ठरवा. तेराव्याच्या पंगतीत शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तिकडे भाजीतही फिश सॉस असतो हं, विचारूनच खा."

"मी जाणार नाहीये," मी म्हटलं.

"असं कसं? भाऊजींनी किती हौसेनं ठरवलं होतं."

हौस होतीच. बॅगाही त्यांनी महिनाभर आधी भरल्या होत्या. एक हरवली तर अडायला नको, म्हणून दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे अर्धे. आता माझे कपडे काढायचे, तर त्यांचे शर्ट बाजूला करावे लागणार होते. ते काही मला जमेना. त्यापेक्षा थायलंड सोपं वाटलं.

दोन्ही बॅगा तशाच घेऊन मी एकटी गेले. बँकॉकला सरकत्या पट्ट्यावरून त्या एकामागोमाग एक सुखरूप आल्या.