पाखरं काढून घेतलेलं रान

एका जुन्या निसर्गलेखकाच्या लेखांचे विषयवार खंड निघाले आहेत. पाखरांचा एक, झाडांचा एक आणि श्वापदांचा एक. दुपारी मी झाडांचा खंड वाचत बसलो होतो. त्यात मोह होता, अर्जुन होता, पाण्यावर वाकलेले करंज होते. सगळं सुरेखच होतं, तरी पानागणिक मानेवर काहीतरी गार टेकल्यासारखं वाटू लागलं. मग ध्यानात आलं. पाखरांचे लेख निवडून दुसऱ्या खंडात नेले होते, म्हणून या रानात एकही पाखरू बोलत नव्हतं.

बायकोला हे सांगितलं. तिचे वडील वनरक्षक होते, ती जंगलातच वाढली. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "सगळीच गप्प?"

"सगळीच."

"मग उठा तिथून. पाखरं अशी एकदम गप्प झाली, की बाबा आम्हाला पुढे पाऊल टाकू देत नसत. जवळपास कुणीतरी चालत असतं."

मी हसलो, पण पुस्तक मिटून ठेवलं. श्वापदांचा खंड अजून उघडलेला नव्हता. त्याच्या मुखपृष्ठावर नुसतं उंच गवत होतं, आणि ते एका जागी वाकलेलं होतं.