कोरड्या डोळ्यांनी अभंग

"स्वर सगळे जागेवर असतात गं तिचे. पण डोळे बघितलेस? कोरडे ठणठणीत."

माझ्या पाठीमागे द्रोणांत सुंडल भरता भरता गल्लीतली एक मामी दुसरीला तमिळमध्ये सांगत होती. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, दर शनिवारी भजन संपलं की वाटतात. मी खाली वाकून सतरंजीची घडी घालत होते. तशीच वाकून राहिले.

"तिला मराठी कळतं ना, म्हणून रडू येत नसेल," दुसरी म्हणाली. "आपल्याला एक अक्षर कळत नाही, आपण खुशाल रडतो."

दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण ते सतरंजीला दाखवलं. मग पहिल्या मामींनी मला एक द्रोण दिला, त्यात खोबरं जरा जास्तच होतं. ऐकू गेलं असेल असं त्यांना वाटलं असावं.

आमच्या गल्लीतल्या भजनमठात भजनाचा क्रम ठरलेला आहे. मधोमध उंच समई, भोवती माणसं, पुढे आमचे भागवतर म्हणजे भजन चालवणारे वृद्ध गायक. आधी संस्कृत, मग तेलुगू, मग तमिळ, आणि सगळे पेंगुळायला लागले की शेवटी मराठी अभंग. हा अभंग आमच्या घराने म्हणायचा. तंजावुरात मराठी घरांना तमिळ लोक 'रायर' म्हणतात, म्हणून तो 'रायरांचा अभंग'. माझे वडील, अप्पा, तो म्हणायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ते घोगऱ्या कुजबुजीत बोलतात आणि पेटी वाजवतात. त्यानंतर अभंग कधी मी म्हणते, कधी पलीकडच्या गल्लीतली एक तमिळ मुलगी. ती बँकेत नोकरीला आहे. मराठी शब्द तमिळ लिपीत लिहून मोबाइलमध्ये ठेवते, आणि दुसऱ्या ओळीला तिच्या गालांवरून पाणी वाहू लागतं. नाटक नाही करत ती. मी शेजारून नीट पाहिलं आहे.

एकदा तिने मला विचारलं होतं, "अक्का, या शब्दाचा अर्थ काय?"

मला येत नव्हता. आमच्या घरातली मराठी सांबाराला मीठ कमी आहे, दार लाव, आत्या आली, इतक्यापुरती. शाळा इंग्रजी, मैत्रिणी तमिळ. देवनागरी आली ती शाळेतल्या हिंदीमुळे. अभंगातले निम्मे शब्द मला तिच्याइतकेच परके. मी म्हणाले, "सांगते नंतर." ते नंतर अजून आलेलं नाही.

महिनाअखेरीस मठात राधाकल्याण होतं. राधाकृष्णाच्या तसबिरींचं लग्न लावतात, सगळा गाव जमतो, आणि मंगळाष्टकांआधी एकच अभंग होतो. तो कोण म्हणणार हे भागवतर ठरवणार होते. अप्पांना तो घरातून जाऊ द्यायचा नव्हता. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, फक्त रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की पेटी उघडून बसायचे. आणि मलाही तो हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मला तो मी जशी आहे तशी बसून म्हणायला हवा होता.

"शेवटच्या ओळीला जरा डोळे मीट, कण्णा," अप्पा लाडाने कुजबुजत.

"डोळे मिटले की मला झोप येते."

"मग थोडी हळू म्हण. लोकांना वाटू दे."

"काय वाटू दे?"

यावर ते पेटीचा भाता दाबत राहत. आतून अम्मा ओरडायची, "तिला आधी खाऊ दे काहीतरी! देव कुठे पळून चाललाय कां?"

मी तत्त्वज्ञानात एम.ए. करते. नातेवाइकांना हे ऐकून वाटतं की मला देवाबद्दल काहीतरी ठरवता आलं असेल. नाही आलं. मी आस्तिक आहे असं म्हणवत नाही. नास्तिक आहे असं म्हणायलाही एक उत्साह लागतो, तो माझ्यात नाही. सकाळी दारात कोलम काढते, कारण अम्माचे गुडघे दुखतात. रांगोळी संपली की हात धुते. त्या वेळी मनात काय असतं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर बस, सेमिनार, ओले केस असं काहीतरी निघेल.

त्या सत्रात आमच्या बाई कलेतल्या भावनेवर शिकवत होत्या. एखादं गाणं दुःखी आहे असं आपण म्हणतो, तेव्हा दुःख कुठे असतं? गाणाऱ्यात, ऐकणाऱ्यात, की सुरांतच? वर्गात मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बाईंनी नाव घेऊन उठवलं. मी म्हणाले, देवळाच्या आवारातली फरशी दुपारी इतकी तापते की लोक अनवाणी पळत सुटतात. फरशीला काही भाजत नाही, पायांना भाजतं. गाणाऱ्याचं तसं असेल. त्याला काही वाटलंच पाहिजे असं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "पण फरशी तापलेली तरी असते ना? ती कशाने तापते?"

मी बसले. वर्गात कुणीतरी म्हणालं, "ऊन, मॅडम," आणि सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. शिकवलेला स्वर मी शिकवलेल्या जागी ठेवते. त्यात माझं म्हणून काही आहे का, हे मला खरंच माहीत नव्हतं. बँकेतल्या मुलीला अर्थ कळत नाही आणि तिला भरून येतं. मला थोडाफार कळतो आणि मी ताल मोजते. मामींचं म्हणणं बरोबर असू शकत होतं. तेच जास्त थकवणारं होतं. कुणी चुकीचं बोललं तर निदान मनातल्या मनात भांडता तरी येतं.

कल्याणाच्या आधीचा शनिवार होता. शनिवारी मी पापनाशमला एका ट्यूशनच्या वर्गात मुलांना इंग्रजी शिकवते. त्या दिवशी दुसऱ्या शिक्षिका आल्या नाहीत, म्हणून त्यांचा वर्गही माझ्याकडे. घसा बसला. परतीच्या बसमध्ये तंजावूरपर्यंत उभी होते, एका बाईची केळीच्या पानांची मोळी पोटऱ्यांना टोचत होती. घरी जायला वेळ नव्हता. मठाच्या नळावर पाय धुतले आणि आत जाऊन बसले. अप्पांनी पेटीवरून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. जमेल कां? मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मलाही सांगता आलं नसतं.

अभंगाच्या पहिल्या दोन ओळी निघून गेल्या. तिसरी वर चढते. तिथे जायला छातीत जितका दम लागतो तितका माझ्याकडे नव्हता. हे मला ओळ सुरू केल्यावर कळलं. समईचा उजेड डोळ्यांना झोंबत होता, म्हणून डोळे मिटले. शब्द अर्धा झाला आणि मी थांबले.

मी ठरवून थांबले नव्हते. भक्तीने नाही, शोभेसाठी नाही, भीतीनेही नाही. माझ्यात पुढे जायला काही उरलं नव्हतं, इतकंच. अप्पांनी पेटीवर तो एकच स्वर धरून ठेवला. मृदंगवाल्या मामांनी हात उचलले. टाळ थांबले. त्या शांततेत मी काय विचार केला, हे मला स्पष्ट आठवतं. घरी आज दोसा असेल तर बरं, चावायला लागत नाही. मग श्वास आला. वरचा स्वर सोडून दिला, तीच ओळ खालून उचलली आणि कशीबशी पार केली.

डोळे उघडले तर समोर मामी पदराने तोंड पुसत होत्या. त्यांच्या शेजारची मामीही. बँकेतली मुलगी हुंदके देत होती, ते तर नेहमीचंच. पण भागवतरांचेही डोळे भरले होते. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"हेच," ते म्हणाले. "हेच नव्हतं इतके दिवस. कल्याणाला तूच म्हणायचंस, पोरी."

मृदंगवाले मामा अप्पांना म्हणाले, "रायर, तुमची आता सुट्टी. पेटी तेवढी पुसत चला." अप्पा खरंच पेटी पुसत होते. मान वर करत नव्हते.

घरी चालत येताना ते डॉक्टरांनी सांगितलंय त्याहून जास्त बोलले. वाटेत मला बदाम दूध पाजलं. माझ्या वयाचे असताना त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं, हेही सांगितलं. मी घोटघोट दूध पीत होते. मी दमले होते अप्पा, हे वाक्य तोंडाशी येई आणि दुधाबरोबर परत खाली जाई. सांगून काय झालं असतं? त्यांचा चेहरा उतरला असता. आणि अभंग गेला असता.

आठवडाभर मी त्याच एका गोष्टीभोवती फिरत राहिले. मामींचे अश्रू खरे होते. त्या शांततेत काहीतरी होतं, नाहीतर इतक्या माणसांना एकदम कसं लागलं? मग ते माझं होतं की नव्हतं? दमणं ही काय भावना नाही? मला देव आठवला नाही, दोसा आठवला. पण तसा आवाज माझा आधी कधी लागला नव्हता, हेही खरं. बाईंना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. मला फक्त इतकं कळत होतं की कल्याणाच्या दिवशी सगळे त्या तिसऱ्या ओळीची वाट बघणार, आणि मला तिथे पुन्हा थांबावं लागणार. दमलेली असले काय आणि नसले काय.

गल्लीत लोक आता वेगळ्या नजरेने बघत. शेजारणीने आपल्या नातीला माझ्या पाया पडायला लावलं. ती चार वर्षांची, ती माझ्या चपलांच्या पाया पडली आणि पळाली. अम्मा म्हणाली, "संतीणबाई, जरा कुकरची शिट्टी बघा."

कल्याणाच्या दिवशी सकाळी भागवतर आणि पुरुषमंडळी गात गात गल्लीतून फिरली. घराघरांतून मूठमूठ तांदूळ त्यांच्या तांब्यात पडले. याच तांदळाला हळद लावून लग्नाच्या अक्षता करतात. ते काम बायकांचं. मठाच्या मागच्या पडवीत मी आणि माझ्या कोरड्या डोळ्यांबद्दल बोललेल्या त्या पहिल्या मामी परात घेऊन बसलो होतो. बाकीच्या हार ओवायला पुढे गेल्या होत्या. आत अप्पा पेटीची एकेक पट्टी दाबून बघत होते. ते मला दिसत होते, म्हणजे आमचं बोलणं त्यांना ऐकू जात असणार.

मामींनी तुपाचं बोट परातीत फिरवलं, वर हळद टाकली. मग तांदूळ चोळायला घेतले.

"एक विचारू कां?" त्या म्हणाल्या. "खरं सांगशील?"

"सांगा ना, मामी."

"त्या दिवशी तू थांबलीस. तेव्हा तुला काय दिसलं?"

मी हळदीच्या गुठळ्या फोडत राहिले.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून बसते इथे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी खाली आणला होता. "सगळे म्हणतात, आत काहीतरी होतं. माझ्या सासूबाई ढसाढसा रडायच्या. मी त्यांच्या शेजारी बसून रडायला शिकले. इथे बाईने कोरडं बसून चालत नाही, लोक बोलतात. मीही बोलते." त्या थोडंसं हसल्या. "पण मला कधी काही झालं नाही गं. एकदाही नाही. मला वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुझ्या वयात तुला झालं. मला निदान सांग तरी, कसं असतं ते."

पेटीचा आवाज थांबला होता.

सांगायला सोपं काहीही होतं. उजेड दिसला, पांडुरंग दिसला, अंगावर काटा आला. मामींनी विश्वास ठेवला असता, अप्पांनीही. अभंग माझाच राहिला असता. आणि मामी घरी जाऊन उरलेलं आयुष्य, आपल्याला तेवढं दिसलं नाही, असं समजत बसल्या असत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, आणि त्या तांदळाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

मी आत पाहिलं. अप्पा भात्यावर हात ठेवून बसले होते, माझ्याकडे पाठ करून.

"मामी," मी म्हणाले, आतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मला काही दिसलं नाही. दम संपला, म्हणून मी थांबले."